बावीस चौकोन

रविवारी सकाळी नऊ वाजता जाईबाईंनी पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली आणि हॉलच्या लादीवर उपडी केली. पेपर वाचत बसलेल्या कुंडलिकांनी पाय वर घेतले. सहा वर्षांत ही पेटी कुणी उघडली नव्हती. ती आज उघडणार हे बायकोने त्यांना सांगितलं नव्हतं आणि त्यांनीही काही विचारलं नाही. रेल्वेच्या सिग्नल खात्यात छत्तीस वर्षं काढलेला माणूस. समोर काय चाललंय ते आधी नीट बघून घ्यायचं, ही त्यांची जुनी सवय.

कारण तसं साधं होतं. रवींद्रच्या बायकोला, रुचिताला, सातवा महिना संपत आलेला. बाळाची गोधडी आजीने शिवायची आणि घरच्या जुन्या कपड्यांचीच शिवायची, एवढी एक गोष्ट जाईबाईंनी आपल्या आईकडून घेतलेली. त्यांनी ठरवलं होतं, नवीन वीतभरही कापड आणायचं नाही. पेटीत आहे ते सगळं वापरून संपवायचं आणि पेटी भंगारवाल्याला द्यायची. ठाकुर्लीच्या या दोन खोल्यांत तेवढीच जागा मोकळी होईल.

डोंबिवलीच्या एमआयडीसीत, लहान मुलांचे कपडे शिवणाऱ्या कारखान्यात त्यांनी सव्वीस वर्षं मशीन चालवलं होतं. दिवसाला दीडशे फ्रॉकना बाह्या लावणाऱ्या बाईला कापडाबद्दल हळवं होता येत नाही. त्यांनी भराभर वाटण्या केल्या. तळहाताएवढे तुकडे डावीकडे, त्यांचे चौकोन होतील. लांबट पट्ट्या उजवीकडे, त्या जोडून काठ. दोन बोटांपेक्षा बारीक असेल ते सगळं मध्ये, गोधडीच्या पोटात भरायला.

"गडद आणि फिकं वेगळं काढ," त्या कृतिकाला म्हणाल्या. "एकाशेजारी एक सगळं गडद आलं की गोधडी मळकी दिसते."

कृतिका त्यांची धाकटी मुलगी, ठाण्यात खोपटला राहणारी, काल संध्याकाळीच आलेली. ती मांडी घालून बसली, तुकडे झटकू लागली आणि पेटीच्या तळाशी चिकटून राहिलेला उशीचा अभ्रा तिच्या हाताला लागला. त्याचं तोंड सुतळीने बांधलेलं होतं. तिने गाठ सोडली आणि आतलं बघून हात मागे घेतला.

"आई, हे वहिनीचे चौकोन."

"आता ती वहिनी नाही तुझी."

"बरं, प्रियांकाचे."

"दे इकडे. मोज किती आहेत."

बावीस होते. रवींद्रच्या पहिल्या बायकोने शिवलेले. प्रियांकाने मोबाईलवर बघून बघून हे काम शिकून घेतलं होतं. प्रत्येक चौकोनात लहान लहान त्रिकोण जोडून मधोमध एक चांदणी. रवीचा निळ्या चौकड्यांचा शर्ट, कुंडलिकांची खाकी पँट, कृतिकाच्या शाळेचा युनिफॉर्म, जाईबाईंची पिवळी व्हॉईलची साडी. घरातल्या प्रत्येकाचं काहीतरी त्यात होतं. सुरुवातीचे काही चौकोन लहान झालेले, नंतर हात बसलेला. जाईबाईंनी एक उलटा करून शिलाई बघितली. शिलाई चोख होती, कारखान्यात पास झाली असती.

"लहान आहेत त्यांना चारी बाजूंनी पट्टी लावली की सगळे एका मापाचे होतील," त्या म्हणाल्या. "निम्मं काम वाचलं."

"आई, तिला विचारायला नको?"

"काय विचारायचं? टाकून गेली ती. कापड ते कापड. पेटीत कुजण्यापेक्षा बाळाच्या अंगावर पडेल."

कृतिका चौकोन लादीवर मांडू लागली. पण थोड्या वेळाने आई मशीनवर बसली, तेव्हा तिने लादीवर मांडलेल्या चौकोनांचा फोटो काढला आणि प्रियांकाला पाठवून दिला. त्या दोघींचं बोलणं घटस्फोटानंतरही कधी तुटलं नव्हतं. 'बघ, तुझे ब्लॉक शेवटी कामाला आले,' असं तिने खाली लिहिलं. तिच्या मनात काही वाकडं नव्हतं. उलट प्रियांकाला बरं वाटेल असंच तिला वाटलं.

पावणेअकराला रवींद्र आणि रुचिता आले. घोडबंदर रोडवरून निघायलाच त्यांचा तास गेला होता. रुचिताच्या पायात रवीचे सँडल होते.

"माझी एकही चप्पल होत नाही हो आई," ती हसत म्हणाली आणि भिंतीला टेकून हळूहळू खाली बसली. मग तिचं लक्ष चौकोनांकडे गेलं. "अय्या! हे तुम्ही केलंत? काय सुंदर आहे. ही चांदणी बघ ना रवी."

रवींद्रने बघितलं. निळ्या चौकड्यांवर त्याची नजर थांबली. जाईबाई मशीन चालवत होत्या, तरी त्यांना ते कळलं. त्यांनी आठ चौकोन आधीच जोडले होते, चार-चारच्या दोन रांगा.

"आई, हे आत ठेव."

"का? निम्मं होत आलंय."

"मी सांगतोय ना, आत ठेव. नाहीतर मी घेऊन जातो आणि टाकतो कुठेतरी."

"अरे, असं काय करतोस?" रुचिता म्हणाली. "कोणी केलेत हे?"

कृतिका बारीक चिंध्या उगीचच पुन्हा निवडू लागली. शेवटी कुंडलिकांनी पेपरची घडी घातली.

"प्रियांकाने केलेत," ते म्हणाले. "लपवण्यासारखं त्यात काही नाही."

रुचिताने हातातला चौकोन खाली ठेवला नाही. ती बँकेत काम करणारी, नेमकं विचारणारी मुलगी होती. "कधी केले? आणि कशासाठी?"

"जुनी गोष्ट आहे," रवींद्र म्हणाला. "सोड ना. आई, ते चांगलं नाही. आपल्या बाळाला ते नको."

"चांगलं नाही म्हणजे?" कुंडलिक ताठ बसले. "तुझे आजोबा छप्पन साली घरातले देव पाण्यात सोडून आले. त्यानंतर या घरात कुणी मांजर आडवं गेलं म्हणून थांबलं नाही. आणि इंजिनियर झालेला तू चिंध्यांना घाबरतोस?"

"हो, घाबरतो. अण्णा, तुम्ही तेव्हा ऑपरेशन थिएटरच्या बाहेर नव्हता. मी होतो."

"कसलं ऑपरेशन?" रुचिताने विचारलं.

जाईबाईंचा पाय मशीनच्या पायट्यावर थांबला. त्यांनी मुलाकडे बघितलं आणि त्यांच्या ध्यानात आलं की याने बायकोला काहीच सांगितलेलं नाही. 'आमचं पटलं नाही,' एवढंच त्याने लग्नाआधी सांगितलं असणार. खरं तर त्यांनीही ते कधी उच्चारलं नव्हतं. या घरात ती गोष्ट कुणी उच्चारायचीच नाही, हे कधी ठरलं ते त्यांना आठवेना.

"दोन राहिले नाहीत तिचे," जाईबाई म्हणाल्या. "पहिलं तिसऱ्या महिन्यात गेलं. दुसरं सातव्यात. मुलगी होती."

रुचिता नवऱ्याकडे बघत राहिली. तिने आरडाओरडा केला नाही, आणि त्यामुळे रवींद्रला आणखीच अवघड झालं.

"सातव्यात," ती म्हणाली. "आणि तू मला सांगितलं नाहीस."

"मला वाटलं, सांगितलं की…" त्याने वाक्य अर्धवट सोडलं. मग पुन्हा उचललं. "बोललं की तेच पुन्हा होईल, असं वाटायचं. वेडेपणा आहे, मला कळतं."

कुंडलिक काहीतरी कडक बोलणार होते. पण पोराचा चेहरा बघून त्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याला पुसत बसले.

तेवढ्यात कृतिकाचा फोन वाजला. तिने स्क्रीन बघितली आणि ती उठून उभी राहिली. "आई, चिडू नकोस. मी तिला फोटो पाठवलेला. ती आलीय. खाली स्कूटी लावतेय."

जाईबाईंना चिडायलाही वेळ मिळाला नाही. दारात प्रियांका उभी होती. कल्याणच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये ती काम करायची, रविवारची अर्धी ड्यूटी टाकून आली असावी. पांढरा कोट हातावर तसाच होता. सहा वर्षांत केस थोडे पांढरे झालेले. तिने कुंडलिकांना जय भीम केला, मग जाईबाईंकडे वळली.

"आई, मी फार वेळ बसणार नाही. माझे ब्लॉक न्यायला आलेय."

"सहा वर्षांनी आठवण झाली?" रवींद्र म्हणाला.

"रवी, मी इथून निघाले तेव्हा अंगावरच्या कपड्यांनिशी निघाले. तुला माहितीय." ती शांतपणे बोलली. "नंतर मागवायचं धाडस झालं नाही. आता लागणार आहेत."

"कशाला?" जाईबाईंनी विचारलं.

"मी मुलगी दत्तक घेतेय. दोन वर्षं नंबर लावलेला, परवा फोन आला. नाशिकच्या संस्थेत आहे. चौदा महिन्यांची. पुढच्या महिन्यात सोळा तारखेला घरी आणायची."

कृतिकाने तिला मिठी मारली. कुंडलिक "अरे वा" म्हणाले, अगदी मनापासून. रवींद्र खिडकीकडे वळला. "ने, सगळे घेऊन जा," तो म्हणाला. त्याच्या आवाजात सुटका होती, आणि ती सगळ्यांना ऐकू आली.

"मला काही हवेत," रुचिता म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघू लागले. ती अजून जमिनीवरच होती, तो एक चौकोन मांडीवर घेऊन.

"प्रियांकाताई, आपण कधी भेटलो नाही. मला आत्ता पाच मिनिटांपूर्वी सगळं कळलं. ते माझ्यापासून लपवलं गेलं, आता मला लपवालपवी नको. यातले चार तरी माझ्या बाळाच्या गोधडीत असू देत. म्हणजे या घरात त्यावर बोलता येईल."

जाईबाईंना सूनबाईचं म्हणणं पटलं. चार इकडे, अठरा तिकडे. दोन्ही पोरींचं समाधान. त्यांनी मनात मापंसुद्धा घेतली. पण प्रियांकाने मान हलवली.

"नाही. राग नको मानूस. तुझं म्हणणं चांगलं आहे, पण मी देणार नाही. एकही नाही. तिच्या प्रत्येक आठवड्याला मी एक केलेला. सहाव्या आठवड्याला कळलं तेव्हापासून. बावीस झाले आणि अठ्ठाविसाव्या आठवड्याला ती गेली."

मग प्रियांका जाईबाईंना म्हणाली, "हॉस्पिटलमधून आले त्या दिवशी माझ्या हातात बाविसावा होता. शेवटची बाजू शिवायची राहिलेली. तुम्ही तो माझ्या हातातून काढून घेतलात. म्हणालात, आता पुरे. अभ्र्यात भरलंत आणि पेटीत टाकलंत. त्यानंतर तिच्याबद्दल इथे कुणी एक शब्द काढला नाही."

जाईबाईंना तो दिवस नीट आठवत होता. आपण बरोबर केलं असंच त्या आजवर धरून चालल्या होत्या. कारखान्यात बायकांची मुलं जायची, चौथ्या दिवशी त्या मशीनवर हजर व्हायच्या. दुःख समोर पसरून बसायला कुणाला फुरसत नव्हती. पोरीच्या डोळ्यांसमोरून ते हलवलं की ती लवकर सावरेल, असा त्यांचा हिशेब. ती सावरली नाही. चार महिन्यांनी निघून गेली. या दोन गोष्टी त्यांनी कधी एकत्र ठेवून बघितल्या नव्हत्या.

त्यांनी मशीनचा दाब उचलला, जोडलेल्या रांगा बाहेर ओढल्या, डब्यातलं ब्लेड घेतलं आणि टाके उसवायला बसल्या. शिवताना त्यांनी टाका बारीक ठेवला होता. उसवायला वेळ लागणार होता.

"द्या, मी पण करते," प्रियांका खाली बसली.

"दुसरं ब्लेड आहे का?" रुचिताने विचारलं.

मग तिघी बसल्या. एका शिवणीच्या एका टोकाला प्रियांका, दुसऱ्या टोकाला रुचिता. दोन टाके सोडून एक कापायचा, मग दोरा ओढायचा. कृतिका निघालेले दोरे गोळा करत होती. मग रुचिताने खाली मान घालूनच विचारलं, "डॉक्टर काय म्हणाले होते? कशाने झालं?"

रवींद्र खिडकीजवळून म्हणाला, "रुचिता, प्लीज."

"विचारू दे तिला," कुंडलिक म्हणाले.

"बीपी," प्रियांकाने सांगितलं. "खूप वाढलेलं. माझे पाय सुजायचे, सगळे म्हणायचे दिवसांत सुजतातच. नुसते पाय सुजणं तसं वावगं नाही. पण मग डोकं दुखायला लागलं, डोळ्यांसमोर चमकायचं. मी ते चार दिवस अंगावर काढलं. आता मी लॅबमध्ये रोज असे रिपोर्ट बघते. वेळेवर कळलं तर गोळ्यांनी आटोक्यात येतं. मला वेळेवर कळलं नाही."

रुचिताच्या हातातलं ब्लेड थांबलं. प्रियांकाने वर बघितलं. तिची नजर दाराजवळच्या मोठ्या सँडलकडे गेली आणि तिथून रुचिताच्या पावलांकडे.

"डोकं दुखतं का तुझं?"

"कालपासून," रुचिता म्हणाली. "मला वाटलं, ट्रॅफिकमुळे असेल. किंवा ऑफिसमुळे."

"शेवटचं बीपी कधी बघितलं?"

"तीन आठवडे झाले. तेव्हा नॉर्मल होतं."

कुंडलिकांचं बीपीचं मशीन कपाटावर असायचं. ते स्वतः उठून घेऊन आले. प्रियांकाने रुचिताला खुर्चीवर बसवलं, पाठ टेकायला लावली, बोलू नकोस म्हणाली आणि दंडाला पट्टा बांधला. मशीनने आकडे दाखवले: एकशे छप्पन्न, शंभर. पाच मिनिटं थांबून तिने पुन्हा घेतलं. फारसा फरक नव्हता.

"रवी," ती म्हणाली, "आता घाबरून उपयोग नाही, आणि उशीरही करायचा नाही. तिच्या डॉक्टरांना फोन लाव. आकडे सांग, डोकं दुखतंय हे सांग, आणि माझ्या बाबतीत काय झालं होतं तेही सांग. तेव्हा काय काय बघितलेलं, तुला आठवतंय. सगळं सांग."

रवींद्रने फोन लावला. मग तो सांगत गेला. सहा वर्षांपूर्वीचं सगळं, तारखेसकट, बायकोसमोर, आईबापांसमोर. डॉक्टर म्हणाले, लगेच घेऊन या. निघताना रुचिता दारात प्रियांकासमोर थांबली. प्रियांकाने तिच्या पायात सँडल नीट अडकवून दिले. कृतिका पाण्याची बाटली घेऊन त्यांच्याबरोबर गेली.

घरात तिघं उरले. प्रियांका जाऊ शकली असती, पण ती पुन्हा खाली बसली आणि राहिलेली शिवण उसवू लागली. जाईबाईंनी कुकर लावला. जेवताना कुंडलिक दर दहा मिनिटांनी फोन उचलून बघत होते.

अडीच वाजता कृतिकाचा फोन आला. बीपी खरंच वाढलेलं होतं. गोळ्या सुरू केल्या, दोन-तीन दिवस ठेवून घेणार. बाळाचे ठोके व्यवस्थित आहेत. डॉक्टर म्हणाले, आज आणलंत ते बरं केलंत. "आणि दादा बाहेर बाकावर बसून रडतोय," कृतिकाने सांगितलं. "रडू दे म्हटलं. वहिनी आतून त्याला शिव्या घालतेय."

कुंडलिक हसले आणि मग बराच वेळ नाक शिंकरत राहिले.

बावीस चौकोन आता सुटे झाले होते. प्रियांकाने ते एकावर एक रचले, जाईबाईंनी लावलेल्या पट्ट्या काढून बाजूला ठेवल्या. बाविसाव्याची एक बाजू अजूनही उघडी होती. तिने तो सगळ्यात वर ठेवला.

"अस्तर मी लावून देऊ?" जाईबाईंनी विचारलं. "माझ्याकडे मऊ मलमल आहे."

"नको आई. माझं मी करीन."

"बरं."

प्रियांकाने चौकोन पिशवीत घातले, कोट उचलला. जाईबाई तिच्या मागोमाग दारापर्यंत गेल्या. त्या माफीबिफी मागणाऱ्यांतल्या नव्हत्या. कारखान्यात नाही, घरातही नाही. शब्द जुळवायला त्यांना वेळ लागला.

"तेव्हा तुला विचारायला पाहिजे होतं," त्या म्हणाल्या.

"हो," प्रियांका म्हणाली.

ती चपला घालेपर्यंत जाईबाई उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "पोरगी आली की बघायला येऊ का आम्ही?"

प्रियांकाने विचार केला. उत्तर द्यायची तिला घाई नव्हती. "लगेच नको. महिनाभर जाऊ दे. आधी तिला माझी सवय होऊ दे. मग या."

ती जिना उतरून गेली. जाईबाई आत आल्या. लादीवर चिंध्यांचे ढीग होते तसेच पडलेले. रुचिताच्या बाळाची गोधडी आता पहिल्यापासून करायची होती. तळहाताएवढे तुकडे फार नव्हते, पट्ट्याच जास्त होत्या. त्यांनी खाली बसून एक लांब हिरवी पट्टी उचलली, तिच्या शेजारी एक फिकी लावून बघितली.

"काय म्हणाली?" कुंडलिकांनी विचारलं.

"महिन्याने या म्हणाली."

कुंडलिकांनी भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं उलटली, कुठलं तरी पान धरून ते थोडा वेळ उभे राहिले. "चौदा महिन्यांची म्हणजे चालायला लागली असेल. तिच्यासाठी काय न्यायचं? फ्रॉक शिवशील?"

जाईबाईंच्या ओठांवर "हो" आलं होतं. फ्रॉक त्यांना डोळे मिटून शिवता आला असता, मापसुद्धा पाठ होतं.

"प्रियांकाला विचारू," त्या म्हणाल्या आणि पट्ट्या जोडायला घेतल्या.